खुर्चीवरून उठल्यावर

वाचनालयातल्या तीन नंबरच्या संगणकावरचा डाउनलोड्सचा फोल्डर मी उघडला, तेव्हा त्यात चौदाशेहून जास्त फायली निघाल्या. आधार कार्डांचे फोटो, जातीचे दाखले, दहावीच्या गुणपत्रिका, सातबारे, कुणाच्या तरी बँक पासबुकाचं पहिलं पान. एका बाईंनी नोकरीसाठी लिहिलेला अर्ज होता, आणि त्याच फायलीत खाली नवऱ्याला लिहायला घेतलेलं, अर्ध्यावर सोडलेलं पत्र. दुसऱ्या ओळीपाशी मी ते बंद केलं. मला ते सहज उघडता आलं, याचा अर्थ माझ्याआधी त्या खुर्चीत बसलेल्या कुणालाही ते उघडता येत होतं.

तोवर मंडळापुढे मी मांडलेला विषय निराळाच होता. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. आमचे सहाही संगणक चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्याकडे दोन्ही नाही. सहा नवे घ्यायला पैसे नव्हते. तालुक्याच्या गावचं वाचनालय अनुदान, वर्गणी आणि आईवडिलांच्या स्मरणार्थ कुणी दिलेल्या देणगीवर चालतं. कार्यवाह म्हणाले, “ताई, चालतायत ना अजून? मग हात कशाला लावायचा?” त्या दिवशी माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. फोल्डर पाहिल्यावर मिळालं.

देवघेवीच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसते आहे. तिथे गाव कळतं. कोण मधुमेहावरची पुस्तकं नेऊ लागलं, कोणाच्या घरी बाळाच्या नावांचं पुस्तक गेलं, कोण अचानक कायद्याची पुस्तकं मागू लागलं. यातलं काही बाहेर बोलायचं नाही, हे माझ्याआधीच्या ग्रंथपालांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. नोंदवहीच्या बाबतीत मी ते कसोशीने पाळलं. आणि माझ्या पाठीमागे, दहा पावलांवर, सहा यंत्रं वर्षानुवर्षं सगळ्यांचं सगळं साठवत होती.

दोन नवे संगणक घ्यायचे आणि जुन्या सहापैकी चार दुरुस्त करून वापरात ठेवायचे, असं ठरलं. उरलेल्या दोन संगणकांचे सुटे भाग कामी येणार होते. मे महिन्यात, दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळात, मी आणि गावातला दुरुस्तीचं दुकान चालवणारा मुलगा कॅबिनेटं उघडून बसलो. आत धुळीचे नमदे. वाचनालयाची धूळ वेगळी असते, जुन्या कागदाची, बारीक आणि चिकट; ती पंख्याच्या पात्यांवर बसते आणि प्रोसेसर तापतो. अंगणात नेऊन ब्लोअर मारला. रॅमच्या सोनेरी टोकांवर खोडरबर घासला, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली. दोन संगणकांचे नाण्याएवढे बॅटरी सेल संपले होते. त्यामुळे वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे जायचं, तारीख जुळत नाही म्हणून ब्राउझर सरकारी संकेतस्थळं असुरक्षित ठरवायचा, आणि मुलं समजायची की अर्जाची वेबसाइटच बंद आहे. एवढ्याशा सेलपायी कितीजण माघारी गेले असतील, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठा फरक एसएसडीने पडला. जुन्या हार्डडिस्कवर संगणक सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत चार मिनिटं दहा सेकंद लागायचे. मी घड्याळ लावून मोजलं होतं. डिस्क बदलल्यावर तीस सेकंदांच्या आत काम होऊ लागलं. आमच्याकडे पाळी अर्ध्या तासाची असते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाच्या वेळेबद्दल आहे. परीक्षेसाठी तो पाठ केला होता. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या मुलांकडे बघताना तो मला समजला.

चार जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट टाकलं. दोन नव्यांवर विंडोज ठेवलं, कारण टंकलेखनाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना वर्डचाच सराव हवा असतो. सहाही ठिकाणी मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक बसवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एकदा हात बसला की इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची गरज उरत नाही. कळांवर चिकटवायची अक्षरं दोन दिवस बसून मीच लावली.

आणि मिंटमध्ये पाहुण्यांचं सत्र चालू केलं. पासवर्ड न देता माणूस आत येतो, काम करतो, उठताना लॉग आउट करतो, आणि त्याने उतरवलेलं, उघडलेलं, लिहिलेलं सगळं पुसलं जातं. पुढच्याला कोरी पाटी. विंडोजच्या दोन संगणकांवरही पुन्हा सुरू केल्यावर सगळं मूळ स्थितीला येईल अशी सोय केली. त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. त्या बाईंचं पत्र आता कुणी वाचणार नव्हतं.

जुलैत एक निवृत्त शिक्षक यायला लागले. गावातल्या जुन्या विहिरींविषयी ते लिहीत होते: कोणती कुणी बांधली, पाणी कुठवर असायचं, कोणती कधी बुजवली. साठीनंतर टंकलेखन शिकलेले, एका बोटाने चालणारे. पाळी संपली की कुणी रांगेत नसेल तर मी त्यांना उठवत नसे. एका दुपारी त्यांनी सलग तीन तास लिहिलं, अकरा पानं झाली, फाइल व्यवस्थित सेव्ह केली आणि मी शिकवल्याप्रमाणे लॉग आउट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, माझी विहीर सापडत नाही.”

सत्र सुरू होताना सूचना येते की इथलं काही राहणार नाही. ती इंग्रजीत होती. त्यांनी रोज ती ओके करून बंद केली होती, आणि रोज माझ्यासमोर केली होती. दुकानातल्या मुलाने दुपारभर खटपट केली. त्या सत्रातलं काहीही परत आलं नाही. मी त्यांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले की वहीत टिपणं आहेत, पण वाक्यं वहीत नाहीत.

लोकांचं इतरांपासून राखायचं, एवढाच विचार मी केला होता. लोकांचं त्यांच्यासाठी राखायचं, ते माझ्या यादीत नव्हतं. देवघेवीत आम्ही दोन्ही सांभाळतो: कोणी काय नेलं ते गुप्त, आणि परत आलेल्या पुस्तकात राहिलेली चिठ्ठी, फोटो, विजेचं बिल लखोट्यात घालून सभासद क्रमांकासकट जपून. संगणकाच्या बाबतीत मी अर्धंच काम केलं होतं.

सूचना मराठीत करून घेतली, मोठ्या अक्षरात पडद्याच्या वरही चिकटवली. मग कॅटलॉगचं लाकडी कपाट आठवलं. नोंदी संगणकावर गेल्यापासून ते आतल्या खोलीत पडून होतं. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या पत्रिकांसाठी केलेले अरुंद, लांब खण, पितळी मुठी, प्रत्येकावर अक्षराची चौकट. देणगीतून पेनड्राइव्ह आणले. जे रोज येऊन काही लिहितात, त्यांचा पेनड्राइव्ह कागदी पाकिटात, पाकिटावर फक्त सभासद क्रमांक, आणि पाकीट क्रमाने खणात. किल्ली माझ्याकडे. आल्यावर मागून घ्यायचा, उठताना परत द्यायचा. आत काय आहे ते मी बघत नाही.

सध्या तेवीस पाकिटं आहेत. त्यातलं पहिलं सरांचं. विहिरीचं प्रकरण त्यांनी ऑगस्टमध्ये पुन्हा लिहायला घेतलं. परवा पाकीट परत देताना म्हणाले, पहिल्या वेळी पायऱ्या चुकीच्या मोजल्या होत्या, आता जाऊन मोजून आलो.