बापाची भूमिका

व्हिगो मॉर्टेन्सन यांना मी कधी भेटलेलो नाही. तरी नट म्हणून मी ज्यांचं देणं लागतो त्यांत हा माणूस फार वर आहे. त्यांची गाठ घालून दिली ती आमच्या दादांनी, त्यामुळे दादांचंही देणं लागतोच.

दादा आमच्या प्रायोगिक नाटकाची प्रकाशयोजना करत. नाटकात पाऊस कायमचा गेलेला, गावं ओस पडलेली, आणि एक बाप लहान मुलाला घेऊन चालत निघालेला. बापाचं काम माझ्याकडे होतं. तालमी सुरू झाल्या आणि मला एकाच प्रश्नाने घेरलं: भूक दाखवायची कशी? दोन वेळा नीट जेवणाऱ्या माझ्यासारख्याने ती कुठून आणायची? एका संध्याकाळी दादांनी ‘द रोड’ची डीव्हीडी हातावर ठेवली आणि म्हणाले, “पोराकडे बघ रे. बाप आपोआप दिसेल.”

कॉरमॅक मॅकार्थी यांच्या २००६च्या कादंबरीवर जॉन हिलकोट यांनी हा चित्रपट केला. तो २००९ साली आला. जग जळून राख झालंय. कशाने, हे कुणी सांगत नाही. बापाला नाव नाही, मुलाला नाव नाही. सामानाची ढकलगाडी, पिस्तुलात दोन गोळ्या आणि दक्षिणेला समुद्राकडे जायचं, एवढंच. नटाला धरायला काही नाही, ना पूर्वायुष्याची मोठी कथा, ना दुःखावरची भाषणं.

या बापाच्या भूमिकेसाठी मॉर्टेन्सन यांनी वजन उतरवलं, अंगावरच्या त्याच मळक्या कपड्यांत झोपले, हे पुष्कळांनी लिहिलंय. चित्रीकरण पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत झालं, तिथल्या एका वापरातून गेलेल्या महामार्गावर झालं, कत्रिना वादळाने मोडलेल्या लुईझियानात झालं. या तयारीबद्दल मला आदर आहे. पण मी शिकलो ते दुसरंच.

कोकाकोलाचा प्रसंग घ्या. मोडक्या यंत्रात एकच डबा सापडतो. मुलाने असलं पेय जन्मात पाहिलेलं नाही. कोडी स्मिट-मॅकफी हा तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा मुलगा घोट घेतो, चकित होतो, आणि बापाला आग्रह करतो. बाप पितो, पण नावापुरतंच. मॉर्टेन्सन त्या क्षणी डब्याकडे आशाळभूतपणे बघत नाहीत. त्यांची नजर पोराच्या तोंडावरून हलत नाही. बापाचे ते खोल गेलेले गाल, त्या काटक्या झालेल्या बरगड्या आपल्याला दिसत असतातच. नटाने त्यांच्याकडे बोट दाखवायची गरज नाही. भूक शरीरावर सोडून द्यायची आणि लक्ष सगळं मुलाला द्यायचं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं, आणि ते पाहताना मला अक्षरशः हलकं वाटलं.

दुसरा प्रसंग याहून कठीण. समुद्रकाठी त्यांचं सामान चोरणारा माणूस सापडतो. मायकेल के. विल्यम्स यांनी तो विलक्षण केलाय. बाप त्याला पिस्तुलाच्या धाकावर अंगावरचा प्रत्येक कपडा काढायला लावतो, बोचऱ्या थंडीत तसाच उघडा सोडतो. मुलगा रडत विनवतो. या जागी कुठलाही नट प्रेक्षकाकडे जरा दया मागेल, डोळ्यांत थोडं पाणी आणील, ‘नाइलाज आहे हो’ असं सुचवील. मॉर्टेन्सन तसं काहीही करत नाहीत. तो बाप त्या घडीला क्रूर आहे, आणि क्रौर्य पोरावरच्या मायेतूनच आलंय. दोन्ही एकाच चेहऱ्यावर आहेत आणि त्यांतून निवडायचं काम त्यांनी आपल्यावर टाकलंय. नट म्हणून मोठं धैर्य लागतं त्याला. लोकांना आपण आवडावं, ही आम्हा नटांची फार जुनी ओढ असते.

आमच्या नाटकातही असं एक वळण होतं. तहानेने व्याकूळ म्हातारी पाणी मागते आणि बाप तिला हाकलून देतो. मी तिथली कळवळ्याची सगळी जागा काढून टाकली. घागरीचं तोंड हाताने झाकलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि तिने पाऊल मागे घेईपर्यंत पाहत राहिलो. दिग्दर्शक म्हणाले, “प्रेक्षक तुझ्यावर चिडतील.” चिडू देत, म्हटलं.

पहिल्या प्रयोगात त्या प्रसंगानंतर मी नेहमीप्रमाणे आमच्या छोट्या नटाचा हात धरायला गेलो. पाचवीतला मुलगा तो. त्याने हात झटकला आणि चार पावलं पुढे एकटाच चालू लागला. संहितेत हे नव्हतं, तालमीत कधी झालं नव्हतं. मी त्याच्या मागून चालत गेलो, दोघांमधलं अंतर तसंच ठेवून. दादांनी वरून त्या अंतरावर दिवा जरासा उतरवला. पुढच्या प्रत्येक प्रयोगात आम्ही ते तसंच ठेवलं, आणि लोक नाटकाबद्दल बोलायचे तेव्हा बहुतेक वेळा त्या चार पावलांबद्दलच बोलायचे.