मी इथे मजेत आहे

अमेरिकेत इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात गणित आणि फिजिक्सच्या शेजारी ‘फ्रेशमन कॉम्पोझिशन’ असं लिहिलेलं पाहून मला हसू आलं. निबंधाचा तास! तो तर आपण शाळेत सहावीपासून करतो. पण तिथे इंजिनिअर होणारा असो की शेतकी शिकणारा, बहुतेकांना हा विषय घ्यावाच लागतो. हार्वर्डने 1885 साली पहिल्या वर्षाच्या मुलांना असा वर्ग लावला आणि पुढे तो अमेरिकाभर पसरला.

पहिल्या दिवशी सिलॅबस हातात आला. सहा पानं. वाचून बरंच वाटलं, कारण त्या सरळ स्टँडिंग ऑर्डर्स होत्या. पंधरा आठवडे, चार पेपर. अक्षर बारा पॉइंटचं, दोन ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, डाव्या कोपऱ्यात नाव, बाईंचं नाव, विषय, तारीख. एक दिवस उशीर झाला की श्रेणी एका पायरीने खाली. दुसऱ्याचं वाक्य नाव न देता उचललं तर पेपर शून्य, वर चौकशी. रोज किट इन्स्पेक्शन दिलेल्या मुलाला एक इंच समासाची कसली भीती? (बाईंनी हजेरी घेतली तेव्हा मी ताडकन उभा राहून ‘येस मॅम’ म्हणालो. वर्ग महिनाभर हसत होता.)

मला नवीन होतं ते वेगळंच. आपल्याकडे निबंध एकदा लिहायचा, लाल शाईचा शेरा मिळाला की वही मिटायची. तिथे प्रत्येक पेपर दोन-तीनदा लिहायचा. आधी कच्चा मसुदा. तो वर्गातल्याच तिघांनी वाचून त्यावर प्रश्न काढायचे. मग बाईंच्या खोलीत दहा मिनिटं बोलणं, आणि त्यानंतर पक्का पेपर. शुद्धलेखनाच्या चुका मसुद्यात कोणी फारशा पाहत नसे. ‘तुला नक्की काय म्हणायचंय?’ हे मात्र पुन्हा पुन्हा विचारत.

पहिला पेपर होता, लिहिण्या-वाचण्याशी आपलं नातं कसं जडलं. स्वतःच्या अनुभवातून, चार पानं. मी एका बैठकीत लिहून काढला. शिस्त, नेतृत्व, व्यक्तिमत्त्व विकास, वार्षिक दिनाच्या भाषणात असतं ते सगळं त्यात होतं. एका परिच्छेदात रविवारच्या पत्रलेखनाबद्दलही लिहिलं होतं. नाश्त्यानंतर सगळ्या हाऊसने बसून घरी पत्र लिहायचं, हाऊस मास्तरांना दाखवायचं, मग पाकीट चिकटवायचं. त्यामुळे मला नियमित लिहिण्याची सवय लागली, असा माझा निष्कर्ष.

माझा मसुदा वाचणाऱ्यांत एक शेतकऱ्याची मुलगी होती. तिने त्या परिच्छेदाभोवती गोल काढला आणि विचारलं, ‘पत्रात काय लिहायचास?’

मी सांगितलं. मी इथे मजेत आहे. जेवण चांगलं असतं. अभ्यास चालू आहे. माझी काळजी करू नका.

‘दर आठवड्याला हेच?’

‘हो.’

‘हाऊस मास्तर वाचायचे म्हणून?’

मी हो म्हणणार होतो, पण तोंडातून शब्द निघेना. आमचे हाऊस मास्तर पंजाबी होते. त्यांना मराठीचं एक अक्षर वाचता येत नसे. पान भरलंय एवढं पाहून ते मान डोलवत. मी काहीही लिहू शकलो असतो. सातवीत कांजिण्या होऊन दहा दिवस एमआय रूममध्ये एकटा पडून होतो, तेव्हाही आडव्या आडव्या लिहिलं होतं, मी इथे मजेत आहे.

त्या रात्री आईला फोन केला. पत्रं तिने बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत, हे मला ठाऊक होतं. सातवीतल्या थंडीतलं एक शोध म्हटलं. तिला शोधावं लागलं नाही. म्हणाली, ‘ते वाकड्या अक्षराचं ना? तुला बरं नव्हतं तेव्हा.’

‘तुला कळलं होतं? मग विचारलं का नाहीस?’

‘तू मजेत आहेस म्हणून लिहिलं होतंस. म्हटलं, याला सांगायचं नाहीये.’

मग थोडं थांबून म्हणाली, ‘आणि तेव्हा इथेही तुझ्या बाबांचा पाय मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर. तुला कुठे कळवलं?’

बाबांनी माळ्यावरून माझी शाळेची ट्रंक काढली. दुसऱ्या दिवशी दोन पत्रांचे फोटो आले, माझं आणि आईचं उत्तर. तिनेही लिहिलं होतं, इकडे आम्ही सगळे मजेत आहोत.

मसुद्याची चारही पानं मी काढून टाकली. पुन्हा लिहायला दोन आठवडे लागले. बाईंच्या खोलीत दोनदा जाऊन आलो. ‘मजेत’ला इंग्रजी शब्द काही मिळेना. बाई म्हणाल्या, मराठीच ठेव आणि तो शब्द तुमच्या घरी काय काम करायचा ते सांग. तेच सांगण्यात पानं गेली. शिस्तीबद्दलची वाक्यं आपोआप गळाली. खरं तर ती खोटी नव्हती. पण ती माझीही नव्हती.

बी प्लस मिळाला. उपपदांच्या चुका होत्या, आणि शेवट घाईत केलाय असा शेरा. तो बरोबरच होता.

एक गंमत राहिली. ज्यातून मजकूर घेतला त्या प्रत्येकाची नोंद शेवटच्या पानावर करायची, हा तिथला कडक नियम. घरच्या पत्रालाही तो लागू आहे. आधी आडनाव, मग नाव, मग ‘लेखकास पत्र’ आणि तारीख. यादी आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावायची. आमचं आडनाव ‘बी’वरून. त्यामुळे वर्गात नेमून दिलेल्या लेखकांच्या वर, पहिल्याच ओळीत आईचं नाव आलं. त्या पानाचा फोटो मी तिला पाठवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आपलं नाव ओळखता येतं. तिने बाबांना विचारलं, ‘हे कसलं बिल आहे?’