ओसाफुने गावी

बेळगावच्या आमच्या घरी सोप्याच्या भिंतीवर एक तलवार टांगलेली आहे. आमचे आजोबा मराठा पलटणीच्या चौथ्या बटालियनमध्ये हवालदार होते. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरच्या डोंगरात सांगशाक येथे जपानी फौजेला जवळजवळ आठवडाभर थोपवून धरणाऱ्यांत ही बटालियन होती. युद्ध संपवून आजोबा घरी परतले, तेव्हा त्यांच्या वळकटीतून ही तलवार निघाली. ती कोठे मिळाली, कोणाकडून मिळाली, हे त्यांनी अखेरपर्यंत कोणास सांगितले नाही. ‘सामुराईची तलवार’ हे नाव तिला पुढच्या पिढ्यांनी, खरे बोलायचे तर आम्हीच, दिले. खंडेनवमीला विळी, कोयता आणि पावशी यांच्या शेजारी तिलाही हळदकुंकू वाहिले जाते.

या तलवारीमुळेच आमच्या पुतण्याला जपानी तलवारी जमविण्याचा नाद लागला. मागल्या वर्षी त्याने जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून एक पाते घेतले. किंमत पंच्याऐंशी हजार रुपये. “काका, मासामुने! सातशे वर्षांपूर्वीचा सर्वांत थोर कारागीर! नाव कोरलेले आहे!” असे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला होता, की आमच्या तोंडून एकही शंका निघाली नाही. घरात त्याने निम्मीच किंमत सांगितली होती, ही गोष्ट फक्त आम्हांला ठाऊक होती.

आमची कन्या आणि जावई सध्या जपानमध्ये ओकायामा येथे असतात. त्यांच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा दोन्ही तलवारींची छायाचित्रे आम्ही पिशवीत घातली. ओकायामा हा पूर्वीचा बिझेन प्रांत. जपानी तलवारीचे हे माहेरच म्हणावे. जावईबापूंच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ पन्नास वर्षे या विद्येच्या नादी लागलेले आहेत. त्यांनीच आम्हांला ओसाफुनेला नेले.

रेल्वेने सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास. वाटेत योशिई नदी लागते. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरे आणि पलीकडे बुटके डोंगर. क्षणभर खानापूरकडे निघाल्यासारखे वाटले. डोंगरातून येणारी लोहवाळू, कोळशासाठी जंगल, मालासाठी नदी आणि जवळून जाणारा राजमार्ग, एवढ्या भांडवलावर या खेड्यात तेराव्या शतकापासून मित्सुतादा, नागामित्सु, कागेमित्सु अशा लोहारांच्या पिढ्या नांदल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नदीला महापूर आला आणि शेकडो वर्षांची ती वसाहत जवळजवळ धुऊन नेली. आज तेथे तलवारींचे संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात लोहार, पाते उजळणारे व म्यान करणारे कारागीर लोकांसमक्ष काम करतात.

दालनात शिरताच आम्ही स्वाभाविकपणे प्रत्येक पात्याखालची नावाची पाटी वाचू लागलो. वृद्ध गृहस्थांनी हळूच आमचा दंड धरला. “नाव शेवटी,” ते म्हणाले. या विद्येच्या अभ्यासमंडळांत परीक्षाच होते म्हणे. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत जातो त्याला ‘नाकागो’ म्हणतात. कारागिराचे नाव त्याच्यावर असते, म्हणून तोच झाकून ठेवतात. उघडे पाते पाहून परीक्षार्थीने कर्ता ओळखायचा आणि चिठ्ठीवर उत्तर लिहायचे. अचूक आले तर ‘आतारी’. त्याच परंपरेतला जवळचा कारागीर सांगितला तर ‘दोझेन’, म्हणजे जवळजवळ पूर्ण गुण. अर्ध्या बरोबर उत्तरालाही गुण देणारी ही पद्धत आम्हां मास्तरांच्या मनात फारच भरली.

मग त्यांनी आम्हांला पाहायला शिकवले. प्रथम केवळ आकृती. पाते कोठे वाकते, मुठीपाशी की मध्यावर, टोकाकडे किती निमुळते होते; या बाकावरूनच काळाचा अंदाज बांधतात. नंतर पोलाद. घडी घालून ठोकलेल्या पोलादात लाकडासारखी किंवा वाहत्या पाण्यासारखी सूक्ष्म वीण दिसते. आणि मग धारेलगतची ती धूसर पांढरी लाट, ‘हामोन’. आपल्याकडे हत्याराला पाणी देतात, तेच हे. फरक इतकाच, की पाणी देण्यापूर्वी पात्याला चिकणमातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार झटकन निवून कठीण होते आणि पाठ चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर पोलादाचे बारीक कण चमकतात. आम्हांला प्रथम काहीच दिसेना. गृहस्थांनी गुडघ्यांत वाकून दिव्याचे प्रतिबिंब पात्यावर घ्यायला सांगितले. पन्नाशी उलटलेल्या आमच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. पण पाचव्या की सहाव्या पात्यापाशी एकदम ती सीमा उलगडली. पहाटेच्या धुक्यात दवाचे थेंब लुकलुकावेत तसे कण, आणि त्यांना खोली होती. नकली पात्यावरची लाट आम्लाने कोरून किंवा घासून उठवलेली असते. ती दुरून अधिक ठसठशीत दिसते. जवळ जाऊन दिवा फिरवला की मात्र नुसता सपाट पांढरा पट्टा उरतो.

संग्रहालयाच्या बाकावर बसून आम्ही पुतण्याच्या तलवारीची छायाचित्रे काढली. लाट ठसठशीत होती. नाकागोवर नारिंगी गंज होता. शतकानुशतकांचा गंज काळपट, मुरलेला असतो, आणि वयाची तीच साक्ष असल्यामुळे जाणता माणूस तो कधीही खरवडत नाही, हे आम्ही नुकतेच ऐकले होते. मुठीच्या खिळीचे भोक यंत्राने पाडलेले, कंपासाने काढावे तसे. आणि नाव! मासामुनेने स्वतः नाव कोरलेल्या निर्विवाद कृती अगदीच थोड्या आहेत. तो सहसा नाव घालतच नसे.

ती अक्षरे पाहून आम्हांला ओळखीचे काहीतरी वाटले. रजेच्या अर्जावरच्या पालकांच्या खोट्या सह्या ओळखण्यात आमची हयात गेली आहे. खरा बाप सही करतो ती फराट्याने. पोरगा करतो ती जपून, रेघ रेघ थांबत. येथेही छिन्नी जागोजागी अडखळली होती. हे सांगताच वृद्ध गृहस्थ खळखळून हसले. सतराव्या शतकातला कोतेत्सु हा कारागीर इतका लोकप्रिय झाला, की कोतेत्सु दिसला म्हणजे खोटा समजावा अशी म्हणच तेथे पडली. चांगल्या पात्यावर थोर नाव कोरून विकण्याचा धंदा सामुराईंच्या काळापासूनचा आहे. अशा वेळी पाते वाईट नसते, नाव तेवढे खोटे असते. पुतण्याच्या बाबतीत तेवढेही समाधान नव्हते.

याच दालनात अधूनमधून ‘सांचोमो’ नावाची तलवार ठेवतात. मध्ययुगीन योद्धा उएसुगी केनशिन याच्या घराण्यातली ही राष्ट्रीय संपत्ती २०२० साली नगरपालिकेने लोकांकडून निधी जमवून सुमारे पन्नास कोटी येनना विकत घेतली. आम्ही गेलो तेव्हा ती प्रदर्शनात नव्हती, केवळ चित्र होते. तिच्यावर कोणाचेही नाव नाही.

आजोबांच्या तलवारीची छायाचित्रे आम्ही सर्वांत शेवटी काढली. खरे म्हणजे धीर होत नव्हता. गृहस्थांनी पहिल्याच चित्रावर बोट ठेवले. मुठीवरची दोऱ्याची वीण दोऱ्याची नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या ओतीव मुठीवर रंगवलेली होती. इतकी वर्षे तिला हात लावूनही आमच्या ध्यानात आले नव्हते! परजेलगत पात्यावर छापलेले आकडे होते, त्यांना आम्ही कसलीशी जपानी खूण समजत होतो. १९३५ साली जपानी लष्कराने कारखान्यात काढायला घेतलेला हा नमुना. पाते यंत्राचे, कलावस्तू म्हणून नोंद होत नसल्याने जपानमध्ये असे पाते बाळगताही येत नाही.

“म्हणजे हीसुद्धा खोटी,” आम्ही म्हणालो.

“छे, खरी आहे,” जावईबापूंनी त्यांचे शब्द आम्हांला सांगितले. “फक्त सामुराईची नव्हे. ही हवालदारांना मिळत असे.”

थोडा वेळ ते आकड्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, हिचा मालक घरी परतला का? त्यांचे एक चुलते ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतले नव्हते. आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी छायाचित्र दोन्ही हातांनी परत दिले आणि किंचित वाकले.

बेळगावला आल्यावर पुतण्याला सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “काकूला मात्र सांगू नका.” खंडेनवमीला तो आला, पण आपली मासामुने घेऊन आला नाही. पाटावर मांडलेल्या आजोबांच्या तलवारीवर त्याने टॉर्च धरला, पात्यावरचे आकडे एकेक करून वहीत उतरवून घेतले, आणि मग तिला हळदकुंकू लावले.