एक टीव्ही गावाला, एक फ्लॅटला

बोनसमध्ये दोन टीव्ही बसवायचे होते: एक माझ्या फ्लॅटवर, एक उधव्याला आई-बाबांकडे. मित्र म्हणाले, गावाला मोठा पाठव, इम्प्रेशन पडतं! सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटीही 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. पण बॉस, उधव्याच्या छपरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. तिच्यावरची बहुतेक चॅनेल्स 576 ओळींची; फोरकेच्या 2160 ओळींवर ताणली की चेहरे पुसट. आणि आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्ता कुठे नीट दिसायला लागलंय. म्हणून 768 ओळींचा 32 इंची एचडी रेडी गावाला, वर बाबांच्या कानांसाठी वेगळा स्पीकर. 43 इंची फोरके माझ्याकडे, वायफायवर मॅच बघायला. शेजारणीने विचारलंच, "मुंबईच्या पोराने एवढासाच पाठवला?" आई म्हणाली, "खालची पट्टी वाचता येते मला."