काकूंच्या बॉयलरचं 'प्रेशर'

पुण्यात थंडी म्हणजे वर्षातून पंधरा दिवस स्वेटर मिरवायची सोय. लंडनमध्ये मात्र थंडी हे एक प्रकरण असतं आणि ते सांभाळायला जवळपास प्रत्येक घरात एक पांढरा डबा असतो. बॉयलर! बहुतेक वेळा किचनमध्ये, भिंतीवर टांगलेला. तो गॅसवर पाणी तापवतो, ते पाणी पाइपमधून घरभर फिरतं, खोल्याखोल्यांतले रेडिएटर गरम करतं आणि गार होऊन परत डब्यात येतं. नळाला गरम पाणीही तोच देतो. तो चालू असेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. बंद पडला की घरात दुसरा विषय नसतो.

आमचा बंद पडला जानेवारी २०२५ मध्ये. आमचा म्हणजे काकूंचा. एका फेलोशिपच्या निमित्ताने मी सहा महिने लंडनला होते आणि हॅरोमध्ये काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या, वय वर्षं ७४. काका गेल्यापासून एकट्या. मुलगा मँचेस्टरला.

त्या सकाळी बॉयलरच्या स्क्रीनवर एरर कोड लुकलुकत होता आणि शेजारी आकडा होता ०.२ बार. आता हा 'बार' म्हणजे वीकेंडवाला नव्हे! बॉयलर, पाइप, रेडिएटर ही सगळी बंद साखळी असते आणि तिच्यातलं पाणी ठरावीक दाबाखाली ठेवावं लागतं. गार असताना १ ते १.५ बार. दाब फारच उतरला तर पाणी गळून गेलंय असं समजून बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. पाण्याशिवाय पेटला तर आतला हीट एक्स्चेंजर जळेल ना! थोडक्यात, त्याचं वागणं बरोबर होतं. प्रश्न त्याला मिळालेल्या माहितीचा होता, पण हे कळायला दोन दिवस लागले.

पहिला इंजिनिअर आला. त्याने खालचा व्हॉल्व्ह उघडून सिस्टिममध्ये पाणी भरलं. आकडा ०.२! आणखी भरलं. तरी ०.२! मग जास्तीचं पाणी काढून टाकलं आणि निकाल दिला. "सेन्सर असेल, नाहीतर मेन बोर्ड. बॉयलर चौदा वर्षांचा आहे. पैसे कशाला घालवता? नवीनच घ्या." कोटेशन २,८०० पौंड. म्हणजे जवळपास तीन लाख रुपये! पेन्शनवर जगणाऱ्या काकूंनी कागदाची घडी घालून फ्रिजवर ठेवली.

संध्याकाळी मुलाचा फोन. तो काही वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आई, हे घर आता तुला झेपत नाहीये. विकून टाक आणि इकडे ये." काकूंनी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. हिवाळ्यात घरातलं तापमान निदान १८ अंश असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काकूंच्या हॉलमधला थर्मामीटर १३ दाखवत होता. त्या दोन स्वेटर आणि शाल गुंडाळून इलेक्ट्रिक हीटरसमोर बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, बॉयलर म्हातारा झाला हे निमित्त आहे गं. माझ्याबद्दल बोलतायत सगळे."

यावर काय बोलणार? पण मास कॉमला एक फंडा डोक्यात ठोकून बसवलेला असतो. एका सोर्सवर बातमी करायची नाही! इथे सगळा निकाल एका स्क्रीनच्या साक्षीवर लागला होता.

दुसरा साक्षीदार तिथेच होता. बॉयलरच्या पोटाखाली काटा असलेली छोटी, गोल, जुनी तबकडी. तिला ना वीज लागते, ना सेन्सर. काटा दाखवत होता १.३. तिसरा साक्षीदार वर, बाथरूममध्ये. टॉवेल वाळत घालायचा उंच रेडिएटर. १ बार दाब पाणी साधारण १० मीटर उंच चढवतो, म्हणजे ०.२ बार फक्त २ मीटर. या रेडिएटरचं टोक बॉयलरपेक्षा जवळजवळ तीन मीटर उंच. स्क्रीन खरी असती, तर तिथे पाणी चढलंच नसतं. काकूंकडची छोटी किल्ली घेऊन मी त्याचा हवा काढायचा स्क्रू जरासा फिरवला. फस्सकन पाण्याची चिळकांडी उडाली! दाब होता. तो सांगणारा बिघडला होता.

आता खरी शोधाशोध. स्पेअर पार्टच्या दुकानात फोन करून "प्रेशर सेन्सर" म्हटलं, तर पलीकडून प्रश्न आला, "कुठला?" कारण 'प्रेशर' नावाच्या तीन वस्तू बॉयलरमध्ये असू शकतात. एक एअर प्रेशर स्विच. ही रबरी नळ्या जोडलेली चपटी चकती पंखा धूर नीट बाहेर ढकलतोय का ते बघते. पाण्याशी तिचा संबंधच नाही. दुसरा वॉटर प्रेशर स्विच. तो फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. तिसरा वॉटर प्रेशर सेन्सर. अंगठ्याएवढा, तीन वायरींचा. किती दाब आहे तो आकडा हाच पाठवतो. आमच्या स्क्रीनवर आकडा होता, म्हणजे आरोपी नंबर तीन!

पण त्यातही भानगड. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या मध्येच पार्ट बदलतात. आधी आट्यांचा, नंतर क्लिपने बसणारा. शिवाय सेन्सरच्या अंगावरचा नंबर तो बनवणाऱ्याचा असतो आणि बॉयलर कंपनीच्या यादीतला वेगळाच. यावर उपाय म्हणजे बॉयलरच्या खालच्या झाकणामागचं लेबल. त्यावर सिरियल नंबर असतो आणि एक 'जीसी नंबर'. जीसी म्हणजे गॅस काउन्सिल. ती संस्था १९७३ मध्ये ब्रिटिश गॅस कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, पण तिच्या नावाचा नंबर ब्रिटनमधल्या बॉयलरवर अजून आहे. हे दोन नंबर घेऊन मॅन्युअलमधल्या सुट्या भागांच्या चित्रात शोधलं आणि सापडला. क्लिपवाला. किंमत ४२ पौंड!

पुढचं काम मात्र आपलं नव्हे. ब्रिटनमध्ये गॅसच्या बॉयलरचं काम 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नाव असलेल्यानेच करायचं असतं, असा कायदा आहे. त्यांच्या यादीत पोस्टकोड टाकला की जवळचे इंजिनिअर मिळतात. त्यांच्याकडे फोटोचं कार्ड असतं आणि कुठली कामं करता येतात ते कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. बिनधास्त मागून बघायचं. कोणी रागावत नाही.

तिसऱ्या दिवशी एक मध्यमवयीन पोलिश गृहस्थ आले. त्यांनी आधी मल्टिमीटर लावला. बोर्डाकडून सेन्सरला ५ व्होल्ट नीट येत होते, पण दाब कमी-जास्त केला तरी सेन्सरकडून परत जाणारं व्होल्टेज हलत नव्हतं. म्हणजे बोर्ड ठीक, वायर ठीक, सेन्सर गेला. मग पाण्याचे व्हॉल्व्ह बंद, आतला दाब रिकामा, क्लिप ओढली, जुना बाहेर, नव्या रबरी रिंगसकट नवा आत. वीस मिनिटं! पाणी भरलं आणि स्क्रीनवर आकडा चढू लागला. ०.६, ०.९, १.३. काट्यालाही १.३. बॉयलर पेटल्याचा तो 'हुप्' आवाज मला आजही पाठ आहे.

जुना सेन्सर त्यांनी काकूंच्या तळहातावर ठेवला. त्याचं टाचणीएवढं भोक काळ्या गाळाने बुजलेलं. रेडिएटरचं लोखंड वर्षानुवर्षं पाण्यात झिजतं आणि त्याचा हा काळा चिखल होतो. "नवा बॉयलर याच घाण पाण्यावर लावला असता, तर त्याचीही हीच गत झाली असती," ते म्हणाले. उपाय म्हणजे सिस्टिम धुऊन घेणं, पाइपवर चुंबकाचा फिल्टर आणि पाण्यात गंजविरोधी औषध. ते काम काकूंनी फेब्रुवारीत करून घेतलं. त्या दिवशीचं बिल पार्टसकट १२७ पौंड.

तुमच्यापैकी कोणी ऑनसाइट निघालं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. घर भाड्याचं असेल, तर हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं ही इंग्लंडमध्ये कायद्यानेच घरमालकाची जबाबदारी आहे. गॅसची तपासणीही त्याने दर वर्षी करून घ्यायची असते. आणि कोणी "नवीनच घ्या" म्हटलं, की विचारायचं, "नक्की काय बिघडलंय आणि ते कसं तपासलंत?"

त्या रात्री काकूंनी स्वतःहून मँचेस्टरला फोन लावला. मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते, त्यामुळे एकच बाजू ऐकू आली. "हो रे, चालू झाला. नाही, नवीन नाही घेतला... अरे, ४२ पौंडांचा पार्ट होता!" मग बराच वेळ त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घराचं बोलू आपण. जरूर बोलू. पण तू इकडे ये, आठ दिवस राहा आणि मग बोलू."

मार्चमध्ये मी निघाले तेव्हा तो येऊन गेला होता. घराचं अजून काही ठरलं नव्हतं.