टाकाऊ

‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली शाळाशाळांतून मांडलेली प्रदर्शने पाहताना मला मोठा संकोच वाटतो. रिकाम्या बाटलीला लोकर गुंडाळायची, वर सोनेरी रंग द्यायचा आणि तिला फुलदाणी म्हणायचे! उसना कोट घालून लग्नाला आलेल्या माणसासारखी ती बिचारी अवघडून उभी असते. आपण पूर्वी बाटली होतो हे कोणाला कळू नये, एवढीच तिची धडपड.

पिकासोने १९४२ साली सायकलची जुनी बैठक आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक केले. त्यात लपवाछपवी नाही. बैल दिसतो आणि सायकलही दिसते. किंबहुना सायकल दिसते म्हणूनच बैल पाहण्यात गंमत.

चंदीगडच्या नेकचंदकडे गमतीहूनही अधिक काही होते. फाळणीत त्याचे गाव पाकिस्तानात गेले. नवे चंदीगड उभे राहत असताना तो तिथे रस्त्यांचा साधा निरीक्षक होता. शहरासाठी उठवलेल्या खेड्यांतल्या फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे सायकलवर लादून तो रानात नेई आणि त्यांतून चोरून माणसे, पशू, पक्षी घडवी. पुढे सरकारला पत्ता लागला. १९७६ साली ती बाग सर्वांना खुली झाली. बांगड्यांनी मढलेल्या तिथल्या बायका पाहिल्या की वाटते, गाव गमावलेल्या माणसाने दुसऱ्यांची मोडलेली गावे पुन्हा वसवली आहेत.

आपली गोधडी याच कुळातली. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचे थर, त्यांवर कडेकडून आत जाणारा धावदोरा. आत आजोबांचे धोतर, वर कोणाच्या परकराचा तुकडा. पांघरणाऱ्याला प्रत्येक ठिगळाचे नाव ठाऊक.

आमच्या आईची सात लुगडी ट्रंकेत आहेत. धाकटी बहीण त्यांना कात्री लावू देत नाही. “आईचं तेवढंच अखंड उरलंय, दादा,” म्हणते. तिला काय उत्तर द्यावे? पण गेल्या खेपेस मी ट्रंक उघडली, तर इरकली लुगडे घडीघडीवर विरू लागलेले. कोणी हात न लावताही ते चालले आहे. कात्रीला भिऊन त्याचे आयुष्य काही वाढत नाही.

भाऊबीजेला ती येईल तेव्हा ट्रंक उघडून मधोमध ठेवणार आहे. कात्री मात्र तिच्याच हाती देईन.