पाचवी मिती

खोलीच्या कोपऱ्यात तीन रेषा एका बिंदूत मिळालेल्या दिसतात. दोन रेषा जमिनीलगत जातात, तिसरी वर चढते. लांबी, रुंदी व उंची या तीन मितींखेरीज आणखी एक दिशा दाखवण्यास कोणी सांगितले, तर उचललेले बोट हवेतच थबकेल. आइन्स्टाइन यांनी काळाला चौथी मिती मानले खरे; तरी अवकाशाच्या दिशा तीनच राहिल्या.

१९१९ मध्ये थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञाने अवकाशाला आणखी एक दिशा दिली. काळ धरून ती पाचवी. त्यांनी आइन्स्टाइन यांची गुरुत्वाकर्षणाची समीकरणे पाच मितींत लिहिली आणि नवल घडले! त्यांतून गुरुत्वाकर्षण तर निघालेच. पण मॅक्सवेल यांची वीज व चुंबकत्व यांविषयीची समीकरणेही निघाली. फळाला भूमीवर आणणारे बल आणि होकायंत्राची सुई वळवणारे बल ही एकाच घरची भावंडे ठरली.

कालुझा तेव्हा क्योनिग्सबर्ग येथील विद्यापीठात साधे अध्यापक होते. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर त्यांचा चरितार्थ चाले. त्यांनी आपला लेख आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. आइन्स्टाइन प्रथम हरखले, मग त्यांना शंका आल्या, आणि लेख दोन वर्षे पडून राहिला. १९२१ च्या ऑक्टोबरात आइन्स्टाइन यांनी होऊन पत्र लिहिले: प्रकाशन थांबवले ते योग्य झाले की नाही, असे आता वाटू लागले आहे, इच्छा असल्यास लेख अकादमीपुढे ठेवीन. कीर्तीच्या शिखरावरील माणसाने आपले मत असे बदलावे, हे काही थोडे नव्हे. लेख त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. प्राध्यापकपद मात्र कालुझा यांना १९२९ मध्ये मिळाले.

पण ही दिशा दिसत का नाही? उत्तर १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी दिले. उंच गेलेल्या पतंगाचा मांजा दुरून नुसती रेषा भासतो. त्याला केवळ लांबी आहे, असे वाटते. त्यावरील एखादा सूक्ष्म किडा मात्र मांज्याभोवती वळसा घालून मूळ जागी परत येऊ शकतो. त्याच्या लेखी ती दुसरी दिशाच होय. पाचवी मिती अशीच स्वतःभोवती गुंडाळलेली असावी, आणि तिचा वळसा अणुगर्भाहूनही अब्जावधी पटींनी लहान असावा, असे क्लाइन यांचे गणित सांगत होते.

कालुझा पुस्तक वाचून पोहायला शिकले आणि पहिल्याच प्रयत्नात पोहले, अशी आठवण त्यांच्या मुलाने सांगितली आहे. त्यांच्या मितीला मात्र अद्याप पाणी सापडलेले नाही. अवकाशात गुप्त दिशा असेल, आणि तिचा वळसा फार लहान नसेल, तर अगदी जवळच्या दोन वस्तूंमधील गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या नियमाहून वेगळे वागेल. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधकांनी तंतूला टांगलेल्या लोलकाने हे तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनात, साधारण केसाच्या जाडीएवढ्या अंतरापर्यंत न्यूटनचा नियम जराही ढळला नाही.